बेन नेविस: चालत, धावत आणि सायकलवर (वाटा, वेळा, अनुभव)

ढगातली_वाट

दर वर्षी मे महिना लागला की इथे विचारणा सुरू होते. आई-बाबा येणार आहेत, बेन नेविस (स्कॉटलंडमधला, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर) झेपेल का? किती वाजता निघायचं? सायकल नेता येते का? उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून हा एकच धागा. माझं माहेर अकोले तालुक्यातलं. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड दोन्ही आमच्याच तालुक्यात, त्यामुळे डोंगराची ओळख लहानपणापासूनची. ग्लासगोला येऊन नऊ वर्षं झाली आणि नेविसवर आतापर्यंत पाच वेळा जाऊन आले. त्यातल्या दोनदा माथा न गाठता परतले.

आधी उंचीचा हिशोब करू. नेविस १३४५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा (१६४६) तीनशे मीटरनी बुटका. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच मुळात बऱ्याच उंचीवर आहे, आणि ग्लेन नेविस या दरीतला इथला पायथा जवळपास समुद्रसपाटीला. त्यामुळे इथे तेराशे मीटरच्या वर चढावं लागतं, अगदी सगळे. आकडा बघून "कळसूबाई केलंय, हे सहज होईल" असं धरून येणाऱ्यांची दमछाक इथेच होते.

नेहमीची वाट म्हणजे माउंटन ट्रॅक. ग्लेन नेविसच्या व्हिजिटर सेंटरपासून किंवा नदीपलीकडच्या आखिंटीपासून सुरुवात करायची. जाऊन-येऊन साधारण १७ किलोमीटर होतात आणि सात ते नऊ तास लागतात. ही वाट गिर्यारोहकांसाठी बांधलेलीच नाही. १८८३ मध्ये माथ्यावर हवामानाची वेधशाळा उभारली, तिचं सामान घोड्यांवरून न्यायचं म्हणून ही केली. चढ घोड्याला झेपेल एवढाच ठेवला, आणि म्हणून ती अशी वळणं घेत जाते. वेधशाळेच्या आधी, १८८१ आणि १८८२ च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग नावाचा माणूस नोंदी घ्यायला रोज माथ्यावर चढायचा. त्याच वेळी त्याची बायको खाली पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावात नोंदी घ्यायची. तेव्हा ही वाट नव्हती. पायऱ्यांवर दम खायला थांबले की मला तो आठवतो.

पहिल्या टप्प्यात दगडी पायऱ्या आहेत, उजव्या हाताला दरी आणि खाली नदी. दीड-दोन तासांत ५७० मीटरवरचं तळं येतं, लोखन मेआल अन तुइ. सगळे त्याला 'हाफवे लोखन' म्हणतात. नावात अर्धी वाट असली तरी उंचीच्या हिशोबाने अर्ध्याहून जास्त चढ अजून बाकी असतो, हे मनात ठेवा. पुढे रेड बर्न ओढा ओलांडला की झिगझॅग सुरू. गवत संपतं, नुसते दगड आणि घसारा. हा टप्पा कंटाळवाणा आहे. वळण संपलं की पुढचं वळण, आणि माथा शेवटपर्यंत दिसत नाही.

माथा म्हणजे टोक नाही, रुंद दगडी पठार आहे. त्याच्या उत्तरेला थेट कडा कोसळतो आणि कड्यात घळी आत घुसलेल्या आहेत. जून महिन्यातही घळींच्या तोंडाशी बर्फ असतो. तो कड्याबाहेर छज्जासारखा आलेला असतो आणि वरून बघताना जमीन कुठे संपली ते कळत नाही.

म्हणून पुढची ओळ कागदावर लिहून खिशात ठेवा. ढगात सापडलात तर माथ्यावरच्या त्रिकोणमितीच्या (जमीन मोजणीच्या) खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश. हे नकाशावरचे अंश आहेत. या भागात सध्या होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक इतका थोडा आहे की तो वेगळा मोजायची गरज पडत नाही. आधी २३१ का? कारण सरळ पश्चिमेला निघालात तर गार्डीलू घळ वाटेत येते. आणि २३१ वरच चालत राहिलात तर दुसऱ्या बाजूच्या फाइव्ह फिंगर गली या घळीत उतराल. अपघात या दोन ठिकाणी झालेत, चढताना नाही, उतरताना. वेधशाळेतली माणसं आपला केरकचरा गार्डीलूत लोटायची, नाव त्यावरूनच पडलं.

तिसऱ्या खेपेला मी आणि नवरा वर होतो आणि दहा मिनिटांत ढग आला. पाच पावलांपलीकडचं दिसेना. मी होकायंत्र हातात धरून मागे, नवरा पुढे. तो दहा पावलं जायचा, मी "डावीकडे, अजून थोडं, बास" म्हणायचे, मग मी त्याच्यापर्यंत. पावलं मोठ्याने मोजत होते. माझी दोनशे पावलं म्हणजे साधारण दीडशे मीटर, हे आदल्या दिवशी नदीकाठी मोजून ठेवलं होतं. एकशे साठच्या आसपास उजव्या हाताला ढग एकदम उजळ झाला. उजळ होता कारण खाली जमीन नव्हती, बर्फाची कड होती. आम्ही काही न बोलता दोन पावलं डावीकडे सरकलो. दोनशे झाल्यावर २८२ लावलं आणि दगडांचा पहिला मनोरा दिसला तेव्हा मी नवऱ्याचा हात धरला, तो अगदी खाली तळ्यापर्यंत सोडला नाही.

बाकी विचारा. धावण्याचं आणि सायकलचं त्यातल्या जाणकारांनी लिहावं.

---

पाऊसवेडी

फार उपयोगी धागा, ताई. आम्ही लीड्सला असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा येताहेत, वय ६७. रोज तळजाई चढतात, सिंहगड महिन्यातून दोनदा होतो. गुडघे ठीक आहेत, बीपीची गोळी चालू आहे. माथा गाठायचाच असा त्यांचा हट्ट आहे. नेऊ का?

---

ढगातली_वाट

सिंहगड महिन्यातून दोनदा म्हणजे दम चांगला आहे. पण हे एका दिवसात दोन सिंहगडांहून जास्त आहे, आणि उतार दगडी पायऱ्यांचा. गुडघे चढताना बोलत नाहीत, रेड बर्नच्या खाली उतरताना बोलतात. डॉक्टरांना आधी विचारून घ्या. दोन काठ्या न्या, बाबांनी कधी वापरल्या नसतील तरी. सकाळी सातला निघा. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे अंधाराची भीती नाही, पण ढग दुपारनंतर चढतो असा माझा अनुभव आहे.

आणि निघायच्या आधी खाली, पार्किंगमध्येच, बाबांशी एक गोष्ट ठरवा: तळ्यापाशी किती वाजले तर परत फिरायचं. वर गेल्यावर ठरवायला गेलात तर बाबा ऐकणार नाहीत, माझे सासरे ऐकले नव्हते. त्यांना मी झिगझॅगच्या तिसऱ्या वळणावर, गार वाऱ्यात, अर्धा तास समजावत बसले होते. खाली खोलीत गेल्यावर त्यांनी दोन दिवस पाय शेकले.

कपडे: खाली २० अंश असलं तरी वर स्वेटर, कानटोपी, हातमोजे, वाऱ्या-पावसाचं जाकीट हवंच. वेधशाळेच्या वीस वर्षांच्या नोंदींत माथ्याचं वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्याही किंचित खाली आहे. पाऊस वर्षाला ४३५० मिलीमीटर, म्हणजे महाबळेश्वरची आठवण करून देणारा. फरक असा की तो चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, बाराही महिने पडतो.

---

पळतोय_रोज

धावण्याचं मी लिहितो. २०२२ पासून डोंगरात पळतोय, नेविसवर सरावासाठी तीनदा, शर्यत एकदा.

शर्यत दर सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. फोर्ट विल्यमच्या क्लॅगन पार्कवरून सुटते, माथा शिवून परत तिथेच, एकूण १४ किलोमीटर. नुसतं पैसे भरून प्रवेश मिळत नाही, आधी डोंगरातल्या शर्यती पूर्ण केल्याचा दाखला लागतो. पुणे किंवा सातारा हाफ मॅरेथॉनची वेळ इथे कामाची नाही. माथा दोन तासांत गाठावा लागतो, नाहीतर परत पाठवतात. पावसाचं जाकीट-पँट, टोपी, हातमोजे आणि शिट्टी सोबत नसेल तर सुरुवातीच्या रेषेवर उभंच करत नाहीत. हे नियम त्रास द्यायला नाहीत. माझ्या वर्षी खाली ऊन होतं आणि माथ्यावर बोटं बधिर होऊन जाकिटाची चेन लागेना.

विक्रम केनी स्टुअर्टचा, १९८४ चा: १ तास २५ मिनिटं ३४ सेकंद. जाऊन-येऊन! चाळीस वर्षांत तो कुणाला मोडता आलेला नाही. महिलांचा विक्रम व्हिक्टोरिया विल्किन्सनचा, २०१८ मधला, १:४३:०१. फोर्ट विल्यमचाच फिनले वाइल्ड २०१० ते २०१९ सलग दहा वर्षं जिंकला.

मला या सगळ्यांहून कॅथलीन कॉनॉची जवळची वाटते. १९५५ साली सोळा वर्षांची होती. मुलींना परवानगी नव्हती, म्हणून पुरुष सुटल्यावर दोन मिनिटांनी तिला सोडलं. ३ तास २ मिनिटांत परत आली. बायकांना रीतसर प्रवेश मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. माझी मुलगी चौदाची आहे, पळते. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "त्या दोन मिनिटांत तिला काय वाटलं असेल?"

सरावासाठी सांगायचं तर चढ बहुतेक चालतच होतो, हात मांडीवर दाबून. पळायचं असतं उताराला. रेड बर्नच्या वरचा घसारा टाच रोवून उतरायचा, शरीर मागे टाकलं की पाय सटकतोच. खालच्या पायऱ्या ओल्या असतील तर वेग विसरा. आणि वाटेवर लहान मुलं, म्हातारी माणसं असतात, शर्यतीचा दिवस सोडून ही वाट त्यांची आहे. मी सकाळी साडेपाचला सुटतो, सव्वाआठपर्यंत खाली.

एक गोष्ट विचारायची होती. झिगझॅगमधून सरळ उतरायच्या पायवाटा पडल्यात. तिथून वीस मिनिटं वाचतात. चालणाऱ्यांनाही सांगावं का?

---

ढगातली_वाट

नको. कृपा करून नका सांगू. त्या वाटांनी डोंगर उकरला जातोय. पावसाचं पाणी त्याच चरांतून धावतं आणि खालची बांधलेली वाट फोडतं. माथ्याकडचा भाग २००० सालापासून जॉन म्युअर ट्रस्टकडे आहे. त्या संस्थेची माणसं आणि स्वयंसेवक हातांनी दगड बसवतात, मी एक दिवस त्यांच्यात काम केलं आहे. एक पायरी बसवायला आम्हा तिघांना दुपार गेली. आधी खड्डा, मग योग्य दगड शोधायचा, पहारीने गडगडत आणायचा, हलतो का बघायचं, पुन्हा काढायचा, खाली चिपा घालायच्या. तेवढ्यात वरून सरळ उतरत दहा जण आले आणि आमच्या शेजारची माती घेऊन गेले.

शिवाय ढगात अशाच एखाद्या वाटेने माणूस खालच्या वळणाऐवजी घळीच्या तोंडाशी जातो. शर्यतीतला पळणारा तिथला असतो, त्याला पुढचा दगड माहीत असतो. सुट्टीत आलेल्या कुटुंबाला नसतो.

---

पळतोय_रोज

मान्य. पायरीचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मीही वळणांनीच उतरेन. स्वयंसेवकांच्या त्या कामात कसं सामील व्हायचं, ते मला निरोपात कळवाल का?

---

दोनचाकी

सायकलबद्दल. कायद्याने नेता येते का? येते. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने पायी चालणाऱ्याइतकाच हक्क सायकलवाल्याला दिलाय, अट एकच, जबाबदारीने वागायचं. इंग्लंडमधून येणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटतं, तिकडे पायवाटेवर सायकल चालवता येत नाही.

आता न्यावी का? मी गेल्या वर्षी मेमध्ये, मंगळवारी, पहाटे पाचला निघालो. तळ्यापर्यंतच्या चढात फार तर पाचवा हिस्सा सायकलवर बसून झाला. बाकी ढकलत, आणि पायऱ्यांवर खांद्यावर घेऊन. रेड बर्नच्या वर सायकल खांद्यावरून उतरलीच नाही. माथ्यावर पोहोचलो तेव्हा खांद्यावर सायकलच्या दांड्याचा वळ उठला होता. उतरताना वरचा घसारा मजेचा, पण खालच्या वाटेत पाणी काढून द्यायला दगडांच्या आडव्या चरी घातल्यात. त्यांच्या कडा धारदार असतात. दुसऱ्याच चरीत मागचं चाक आपटलं आणि ट्यूबला दोन समांतर चिरा. साडेनऊला चालणाऱ्यांची रीघ लागली आणि मी उतरून सायकल हातात धरली, पुढचा तासभर तशीच.

तेव्हा माझं मत: शनिवारी-रविवारी आणि जून ते ऑगस्ट सायकल वर नेऊच नका. हक्क आहे तो टिकायचा तर तो जपून वापरला पाहिजे. हात बसलेला असेल आणि न्यायचीच असेल, तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर, मधल्या वारी, पहाटे.

आणि खरं सांगू का, फोर्ट विल्यमला सायकलसाठी याहून चांगल्या जागा आहेत. गावामागे काऊ हिल आहे, २८७ मीटर. जंगलखात्याच्या रुंद रस्त्याने चढता येतं, घरातल्या सगळ्यांना जमेल, आणि माथ्यावरून समोर अख्खा नेविस. उताराचीच आवड असेल तर शेजारच्या आओनाख मोर डोंगरावर नेविस रेंजचा पाळणा सायकलसकट ६५० मीटरवर नेऊन सोडतो. जागतिक चषकाच्या उतार शर्यती झाल्या ती वाट तिथलीच. ती बघूनच माझे हात गार पडले, मी सोपी निवडली.

लहान मुलं बरोबर असतील तर कॅलेडोनियन कालव्याचा काठ. बानावीला पाणी भरून होड्या वर चढवणाऱ्या लागोपाठ आठ हौदांची (लॉक) पायरी आहे, नेपच्यून्स स्टेअरकेस, टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेली. होड्या एकेक हौद चढत जाताना बघायला माझा सहा वर्षांचा मुलगा दोन तास हलला नाही. आणि नेविसचा उत्तर कडा बघायचा तर तिथूनच. ग्लेन नेविसमधून चढणाऱ्याला हा कडा दिसतच नाही, त्याला वाटतं हा एक गोल गवताळ डोंगर आहे.

---

धारेवरचा

उत्तर कड्याचा विषय निघाला म्हणून. सह्याद्रीत ज्यांनी नाळा आणि धारा केल्यात त्यांनी शेजारच्या कार्न मोर ड्येरग शिखराची वाट बघावी. टोरलंडीच्या नॉर्थ फेस पार्किंगपासून आधी कार्न मोर ड्येरग (१२२० मीटर), मग तिथून कोयत्यासारखी वळलेली दगडी धार नेविसला जोडते. हात लावावे लागतात, दोरी लागत नाही. १०-११ तास धरा. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना पोकळी, आणि समोर पूर्ण वेळ तो सातशे मीटरचा कडा. मी बरेच डोंगर हिंडलोय, असा दिवस दुसरा आठवत नाही.

वारा असेल तर जाऊ नका. हिवाळ्यात बर्फकुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) वापरता येत असतील तरच, आणि इथला हिवाळा एप्रिल संपेपर्यंत असतो. कड्याखाली एक दगडी झोपडी आहे, सीआयसी हट, १९२९ ची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मुलाच्या आठवणीत आई-वडिलांनी बांधली. तिच्याशी पाच मिनिटं थांबून मगच मी पुढे जातो.

---

नाशिकचा_ट्रेकर

मी अजून तिकडे आलेलो नाही, पण प्रश्न आहे. कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिलंय, दोनदा. उत्तरेला असा कडा आणि खाली ढग, म्हणजे नेविसवर दिसायला हवं. कुणाला दिसलं का?

---

ढगातली_वाट

फार छान विचारलंत. मला दिसलंय, चौथ्या खेपेला, ऑक्टोबरमध्ये. पाठीशी खाली आलेलं ऊन, समोर दरीत ढग आणि ढगावर माझी सावली, डोक्याभोवती सप्तरंगी कडं. शेजारी नवरा उभा होता, पण मला फक्त माझ्याच डोक्याभोवती दिसलं आणि त्याला त्याच्या. तुम्ही दोनदा पाहिलंय, तुम्हाला माहीतच आहे.

याची पुढची गोष्ट मला इथे आल्यावर कळली आणि तेव्हापासून ती मी भेटेल त्याला सांगते. सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण स्कॉटिश शास्त्रज्ञ दोन आठवडे नेविसच्या वेधशाळेत राहिला होता. त्याने हेच पाहिलं. इतका भारावला की केंब्रिजला परतल्यावर हे प्रयोगशाळेत करून बघू म्हणाला. काचेच्या भांड्यात दमट हवा घेऊन ती एकदम पसरू दिली की ती गार होते आणि धुकं धरतं. ते करता करता त्याच्या लक्षात आलं की धूळ नसली तरी विद्युतभारित कणांवर थेंब धरतात. त्यातून १९११ पर्यंत मेघपेटी तयार झाली. अणूहून लहान कण जातो तिथे थेंबांची रेघ उमटते, म्हणजे कणाची वाट डोळ्यांनी दिसते! १९२७ चं नोबेल त्याला त्याबद्दल मिळालं.

आमच्या हरिश्चंद्रगडावरच्या इंद्रवज्राची नोंद कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने विल्सनच्याही कितीतरी आधी केलेली आहे. कोकणकड्याला पोटावर झोपून खाली बघणाऱ्या आपल्या पोरांनी आणि विल्सनने एकच गोष्ट पाहिली, हे कळल्यापासून नेविस मला परका वाटत नाही.

वेधशाळेचे पडके चौथरे अजून माथ्यावर आहेत. पैशाअभावी १९०४ मध्ये ती बंद पडली. तिच्या मनोऱ्यावर आता पत्र्याची आणीबाणीची खोली आहे. पाहायचं तर शरद ऋतूत, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर. कडेपासून मात्र चार हात लांब उभं राहून.

---

पाऊसवेडी

वृत्तांत द्यायला आले. काल जाऊन आलो.

फोर्ट विल्यमला दोन रात्री राहिलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पार्किंगमध्येच ठरवलं: साडेदहापर्यंत तळं, नाहीतर परत. बाबांनी मान हलवली पण काठ्या घ्यायला तयार नव्हते. पहिल्या शंभर पायऱ्यांनंतर माझ्या हातातून घेतल्या. चिलटांनी खाली नदीपाशी हैराण केलं, वारा लागल्यावर गेली. तेवढं कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहिते, डोक्यावरून घ्यायची जाळी खरंच न्या.

तळ्यापाशी दहा वाजून दहा मिनिटं. वेळेत होतो म्हणून रेड बर्नपर्यंत गेलो. तिथे वरून एक बाई उतरत आल्या, केस ओले, त्यांनी सांगितलं की माथ्यावर काही दिसत नाही आणि वाऱ्यात उभं राहवत नाही. मी बाबांकडे बघितलं. बाबा बराच वेळ वर बघत होते, झिगझॅगचं दुसरं वळण ढगात जात होतं. मग खाली बसले, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, ओढ्याचं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाले, "डबा इथेच सोडू." थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. वाटेवरचा एक स्कॉटिश मुलगा वासाने थांबला, त्यालाही दिलं.

उतरायला तीन तास लागले. गुडघ्यांचं ताई म्हणाल्या तेच झालं. संध्याकाळी काऊ हिलवर गाडीरस्त्याने हळूहळू चालत गेलो (दोनचाकी, तुमचे आभार), तेव्हा नेविसचा माथा दहा मिनिटं मोकळा झाला. बाबांनी फोटो काढला नाही, हात मागे बांधून उभे होते.

२३१ आणि २८२ ची चिठ्ठी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. परत देता का विचारलं तर म्हणाले, राहू दे, सप्टेंबरपर्यंत मी इथेच आहे.

---

ढगातली_वाट

सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर शर्यतीचा पहिला शनिवार टाळा, वाटेवर पळणारे असतात. त्यानंतरचा आठवडा धरा. मी ग्लासगोहून येते, सोबत चढू. बाबांना सांगा, होकायंत्र माझं, पावलं त्यांनी मोजायची.